साक्ष एस्तेरच्या शाळेची

फोन सकाळी आला, प्रकाशचा. "ताई, एस्तेर गेली," एवढंच म्हणाला. आदल्या संध्याकाळीच मी दवाखान्यातून अंघोळीपुरती घरी आले होते. एस्तेर माझी धाकटी बहीण, प्रकाश तिचा नवरा. तिला मी कडेवर घेऊन वाढवलेलं, तेव्हा रडू यायला हवं होतं. पण तेवढ्यात फोन पुन्हा टुणकन वाजला. चर्चच्या ग्रुपवर प्रकाशच्या थोरल्या बहिणीने पांढऱ्या फुलांचं चित्र टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आमची लाडकी एस्तेर प्रभूच्या घरी गेली.' लाडकी! कधीपासून, बाई? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगते, बहिणीसाठी पहिला अश्रू यायच्या आधी मला राग आला, आणि आज इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

या नणंदबाईंचं नाव मी लिहिणार नाही. त्या नागपुरात सदर भागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, एवढं पुरे. दर रविवारी त्या ही पुरवणी हातात लाल पेन घेऊन वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाचा, बाई. आज सावकाश वाचा. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायचे असतात म्हणतात. ते मी लिहीनच, कारण एस्तेरबद्दल कडू लिहायला माझ्याकडे काही नाही. पण ज्यांनी तिला छळलं त्यांना तिच्या फोटोपुढे डोळे पुसत फिरू देणार नाही. माझ्यात तेवढा चांगुलपणा नाही आणि मला तो नकोही आहे.

आम्ही मूळच्या सावनेरच्या. वडील कोळशाच्या खाणीत होते. मी शिकून नर्स झाले, नागपुरात आले, आणि मागोमाग एस्तेरला आणलं. शिकवायचं वेड तिला लहानपणापासून. गल्लीतली पोरं गोळा करायची, ओळीत बसवायची आणि स्वतः खालीच बसायची, त्यांच्या समोर. उभं राहून शिकवलं की पोरांना मान वर करावी लागते, म्हणायची. लग्नानंतर चर्चच्या रविवारच्या शाळेत ती शिकवायला लागली. नाताळच्या कार्यक्रमात तिची पोरं मेंढरं झाली तरी मनापासून व्हायची. एकदा एक मेंढरू मध्येच उठून गव्हाणीतल्या बाळाला पाणी पाजायला गेलं. सगळे हसले. एस्तेर मात्र पडद्याआडून त्याला म्हणाली, "पाज बाबू, तहान लागली असन त्याले."

तिची थोरली मुलगी जेमी. पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा आत्याचीच शाळा असताना दुसरीकडे कशाला जायचं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तिथेच घात झाला. डिसेंबरात शाळेच्या कार्यक्रमाची तालीम सुरू होती. जेमीला बायबलातलं एक वचन म्हणायचं होतं. घरी घडाघडा म्हणायची, पण त्या दिवशी शब्द अडकले. दुसरं कोणाचं पोर असतं तर बाईंनी "बस खाली" म्हणून सोडलं असतं. पण ही भाची! भाचीला सोडलं तर लोक काय म्हणतील? म्हणून स्वतःचा न्याय दाखवायला त्यांनी त्या सहा वर्षांच्या पोरीला ऑफिसच्या दाराबाहेर उभं केलं, शाळा सुटेपर्यंत. येणारे-जाणारे बघत होते. बाथरूमला जाऊ का, हे विचारायचीही तिची हिंमत झाली नाही. एस्तेर घ्यायला गेली तेव्हा पोरीचा फ्रॉक ओला होता आणि तोंडाला जे कुलूप लागलं होतं, ते घराबाहेर कितीतरी महिने उघडलं नाही. दुकानात नाही, चर्चमध्ये नाही, शेजारी नाही.

एस्तेरने दुसऱ्या दिवशी दप्तर आणि गणवेश उचलून आत्याबाईंच्या टेबलावर ठेवला. भांडली नाही. "माझी पोरगी मी घरी शिकवीन," एवढंच म्हणाली. मी तिथे असते तर टेबल उलटं केलं असतं.

घरची शाळा म्हणजे काय करतात हे मला तरी कुठे माहीत होतं? मी जाऊन बसायची आणि बघायची. एस्तेरचं वेळापत्रक म्हणजे आमचे सण. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ताटलीत गहू पेरायचे आणि ईस्टरपर्यंत रोज त्यांची उंची मोजायची. कापणीच्या सणाला चर्चमध्ये अर्पण करायची भाजी मुलींनी गच्चीवर पिकवायची. कीड लागली तर का लागली ते शोधायचं. नाताळची चांदणी विकत आणायची नाही. बांबूच्या कमच्या, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन बसायचं, आणि पाच टोकं सारखी येईपर्यंत कोन मोजायचे. पहिल्या वर्षीची चांदणी एका बाजूला कलंडलेली होती. तीच लावली. प्रकाश म्हणाला, "वाकडी दिसून राहिली ना." एस्तेर म्हणाली, "दिसू दे. पुढच्या वर्षी काहून वाकडी झाली ते तिले समजन."

आणि केक. आमच्यात पीठ घरी कालवतात आणि डबे घेऊन बेकरीत भाजायला नेतात, कारण घरच्या कुकरात तो रंग येत नाही. जरीपटका भागातल्या एका बेकरीत नाताळच्या आधी बायकांची ही रांग लागते. प्रत्येकीच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने नाव कोरलेलं, अदलाबदल होऊ नये म्हणून. मैदा किती, साखर त्याच्या किती पट, तीन डब्यांत समान वाटायचं कसं, हे जेमीचं गणित. पण खरा धडा बेकरीत होता. एस्तेरने डबे जेमीच्या हातात दिले आणि स्वतः दोन पावलं मागे सरकली. बेकरीवाले काका विचारतायत, "किसका है, बेटा? कब चाहिए?" पोरगी गप्प. मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या. मी पुढे व्हायला निघाले तर एस्तेरने माझा हात धरला. "थांब वं ताई. केक तिचा आहे." किती वेळ गेला देव जाणे… आणि मग जेमी म्हणाली, "काका, जलने मत देना." बाहेरच्या माणसाशी ती इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलली. एस्तेर बेकरीच्या पायरीवर बसून तोंडाला पदर लावून रडली, आणि मीसुद्धा.

हे सगळं आत्याबाईंना बघवत नव्हतं. मुख्याध्यापिकेची भाची शाळेत जात नाही म्हणजे त्यांचं नाकच कापलं गेलं. मग प्रत्येक सणाला सूड. ईस्टरच्या नाश्त्याला पाहुण्यांसमोर जेमीला उभं करून, "सतराचा पाढा म्हण बघू." कापणीच्या सणाला चर्चच्या आवारात, "हिला स्पेलिंग तरी येतं का?" नाताळच्या जेवणाला तर कहर. सगळ्यांसमोर गाल पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "आत्याला माफ केलंस ना? मग पापी दे." सगळ्या बायका कौतुकाने बघायच्या. पोरगी ताटातल्या करंजीकडे बघत बसायची आणि शेवटी उठून पापी द्यायची. एस्तेर तिला घरी सांगायची, "तुले नसन द्यायची तर नको देऊ." पण सणाच्या दिवशी इतक्या माणसांपुढे कोणतं लेकरू नाही म्हणेल?

तेवढ्यावरही भागलं नाही. चर्चच्या कमिटीत बाई उठून म्हणाल्या, "जी स्वतःच्या मुली शाळेत पाठवत नाही, ती आपल्या मुलांना काय शिकवणार?" झालं. एस्तेरची रविवारची शाळा काढून घेतली. कोणी तोंड उघडलं नाही. प्रकाशही नाही. तो माणूस वाईट नाही हो, पण आई लवकर गेली आणि या बहिणीने वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे त्याची मान खालीच. एस्तेर त्यानंतरही दर रविवारी चर्चला जायची. शेजारच्या खोलीतून पोरांचे आवाज यायचे तेव्हा डोळे मिटून बसायची. लोकांना वाटायचं प्रार्थना करते.

मग रक्ताचा आजार निघाला. तो काय असतो हे मला नर्स म्हणून पहिल्याच रिपोर्टला कळलं आणि तिला माझ्या तोंडावरून कळलं. अंथरुणावरूनही शिकवणं थांबलं नाही. धाकटी कृपा तेव्हा नुकती वाचायला लागली होती. आईच्या पोटाशी बसून औषधांच्या बाटल्या वाचायची. दवाखान्यात आत्याबाई एकदाही आल्या नाहीत. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. शिपायाच्या हातून फळांची टोपली पाठवली, त्यावर शाळेचं नाव छापलेलं. एके दुपारी मी उशी सरळ करत होते, प्रकाश डबा घेऊन उभा होता, तेव्हा एस्तेर स्पष्ट म्हणाली, "ताई, मी गेल्यावर पोरींले तिच्या शाळेत नका घालू. बाकी काही करा." प्रकाशने ऐकलं. डबा खाली ठेवायचं विसरून तसाच उभा राहिला.

तिच्यासाठी चर्चमध्ये स्मरणाची उपासना ठेवली होती. आमच्याकडे अशा वेळी साक्ष देतात, म्हणजे ज्याला वाटेल त्याने उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं. प्रत्येकाचं झालं की सगळे मिळून आमेन म्हणतात, आणि एकदा आमेन म्हटलं की ते बोलणं सगळ्यांनी मान्य केलं असं होतं. आत्याबाई माईकपुढे आल्या. पांढरी साडी, हातात रुमाल. म्हणाल्या, "शेवटच्या दिवसांत एस्तेरने माझा हात हातात घेतला. म्हणाली, ताई, माझं चुकलं, मुलींना तुमच्या शाळेत घ्या. मी तिला शब्द दिला आहे. जानेवारीपासून दोघी माझ्याकडे येतील." आणि अख्खं चर्च म्हणालं, "आमेन."

मेलेल्या बाईच्या तोंडात शब्द! तेही देवाच्या घरात! जेमी माझ्या शेजारी बसली होती. तिने कृपाचा हात इतका घट्ट धरला की कृपा "आई गं" म्हणाली… आणि आई म्हणून हाक मारायला तिथे कोणी नव्हतं. मी उठले. पाळकसाहेब गाणं सुरू करायच्या बेतात होते. मी म्हटलं, "थांबा साहेब. मले पण साक्ष द्यायची आहे."

माईक घेतला नाही, माझा आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. मी म्हटलं, "दवाखान्यात मी रोज होते. ही बाई एकदाही आली नाही. जो हात हिने धरलाच नाही, त्या हाताची साक्ष तुम्ही आमेन म्हणून घेतली. एस्तेर काय म्हणाली ते मी सांगते. ती म्हणाली, पोरींले तिच्या शाळेत नका घालू. याच पोरीला हिने शाळा सुटेपर्यंत दाराबाहेर उभं ठेवलं होतं, ओल्या फ्रॉकमध्ये, कारण हिला आपला न्याय दाखवायचा होता. आणि एस्तेरची रविवारची शाळा काढून घेतली तेव्हा तुम्ही सगळे मूग गिळून बसला होतात. ही माझी साक्ष. प्रभूपुढे देते."

आमेन कोणीच म्हणालं नाही. आत्याबाई हसल्या, शाळेत पालकांना बघून हसतात तसं, आणि म्हणाल्या, "दुःखात माणूस काहीही बोलतं." दोन-चार बायकांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, गेलं. पोरी गेल्या हातच्या. तेवढ्यात पहिल्या बाकावरून प्रकाश उठला. बहिणीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. समोरच्या फोटोकडे बघून म्हणाला, "आमेन." एकट्याने. पण खणखणीत.

बाईंचा चेहरा मी पोटभर बघून घेतला. लोक म्हणतात सूड घेऊन समाधान मिळत नाही. मला मिळालं. त्या रात्री मी छान झोपले.

मात्र घरी आल्यावर प्रकाशने विचारलंच, "आता शिकवणार कोण, ताई?" मी म्हटलं, मी. "तुम्हाले गणित येते?" नाही येत, पण येईल. दुसऱ्याच सोमवारी मी बाडबिस्तरा घेऊन तिथे राहायला गेले.

एस्तेरची सकाळ एका शब्दाने सुरू व्हायची. प्रार्थना झाली की ती मुलींसमोर खाली बसायची आणि म्हणायची, "विचारा." पहिला प्रश्न मुलींचा. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणायचं, पण खोटं सांगायचं नाही, हा तिचा नियम. गुडघे कुरकुरत होते तरी मीही खाली बसले आणि म्हटलं, "विचारा." कृपा स्वेटरचा धागा ओढत होती. मग जेमीने विचारलं, "मावशी, आत्यावरचा राग गेला का तुझा?"

आता बघा, नाताळ तोंडावर आलेला, समोर बायबल, आणि लेकराने विचारलेलं. शहाण्या बाईने इथे क्षमेचं दोन शब्दांत काहीतरी सांगितलं असतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण जागा एस्तेरची होती.

"नाही गेला," मी म्हटलं.

"जाईन का?"

"वाटत तर नाही."

जेमीचे खांदे एकदम खाली आले. तिने मोठा श्वास सोडला आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मले वाटलं, मी एकटीच आहो."