साडेतीन पेपरांची सरासरी

नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या माळ्यावर मीराबाई गमरे खानावळ चालवायची. खोली एकच. तिच्यात ती, नवरा बुधाजी, सासू जाईबाई आणि पाळीपाळीनं येऊन पाटावर बसणारे गिरणीतले गडी, बहुतेक सगळे खेड-दापोलीकडचे. मीराबाईचं वय असेल पंचवीस-सव्वीस. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं, आणि चालणं असं की शेजारणी म्हणायच्या, "ही जिना उतरत नाही, जिन्यावरनं घरंगळते."

चौथीपर्यंत शिकलेली होती. पुढं गावात शाळाच नव्हती, मग लग्न झालं, मुंबई आली, चूल आली. त्यातनं ती बाहेर पडायचं कारण घडलं ते छप्पन्न सालच्या जानेवारीत.

मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हटल्यावर सगळं गिरणगाव पेटून उठलं होतं. रस्त्यात दगडांचे ढीग, पोलिसांच्या गाड्या, संचारबंदी. एका दुपारी खालच्या रस्त्यावर गोळीबार झाला आणि कोंडीराम, खानावळीतला एक तरुण गडी, जिन्याच्या तोंडाशीच कोसळला. गोळी पोटरीतून आरपार गेली होती. बघणाऱ्या बायका ओरडायला लागल्या. मीराबाईनं ओरडण्यात वेळ घालवला नाही. सासूच्या जुन्या लुगड्याची पट्टी टर्रकन फाडली, जखमेवर घडी दाबून धरली, वरनं करकचून बांधली आणि पाय पाटांच्या चवडीवर उंच ठेवला. "भाऊजी, डोळे मिटायचे नाहीत. माझ्याशी बोलत ऱ्हावा. काल आमटीत मीठ जास्त झालं हुतं का?"

"झालं हुतं वहिनी," कोंडीराम कण्हत म्हणाला, "पर बोलायची हिंमत कुनाची?"

परळच्या इस्पितळात नेल्यावर तिथल्या वयस्क सिस्टरनं पट्टी सोडता सोडता विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"म्या," मीराबाई म्हणाली. वाटलं, आता ओरडा बसणार.

"चांगलं बांधलंय. शिकलीस किती?"

"चौथी."

"सातवीची फायनल काढ. आमच्याकडं सुईणपणाचं आणि शुश्रूषेचं शिक्षण देतात. पास बायका घेतात, पण सरासरी पन्नास पाहिजे हं!" एवढं बोलून सिस्टर पुढच्या जखमीकडे गेल्या.

सरासरी म्हणजे काय ते मीराबाईला कळलं नाही. पण घरी परतताना ती इतक्या झपाट्यानं चालत होती की बुधाजीला तिला गाठायला धावावं लागलं. "मी फायनल देणार," ती म्हणाली.

"खानावळ कोन बघनार?"

"दुपारी भांडी झाल्यावर ती काय माझ्या वाटेकडं बघत बसती?"

बुधाजी हसला. जाईबाई मात्र चुलीपुढून म्हणाली, "शिकू दे तिला. मला वाचाया येत न्हाई म्हनून आजवर कुठं कुठं आंगठा उठवलाय ते माझं मला ठावं."

शिकवायला माणूसही मिळालं. दुर्गाबाई पाटणकर गिरगावातल्या एका वाडीत राहायच्या. लग्नाआधी शाळेत मास्तरीण होत्या, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्च्यात चाळीतल्या बायकांच्या बरोबरीनं चालल्या होत्या आणि तिथल्या ओळखीतून त्यांनी चाळीच्या हॉलमध्ये बायकांचा दुपारचा वर्ग सुरू केला होता. मीराबाई त्या वर्गात पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची. मराठी तिला आवडायचं. आरोग्यशास्त्र तर ती गोष्ट ऐकावी तसं ऐकायची. इतिहास-भूगोल पाठ व्हायचा आणि विसरायचा. गणिताशी मात्र तिचं जमेना. अपूर्णांक दिसला की तिला धडकी भरायची.

त्याच ऑक्टोबरात बुधाजी आणि जाईबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना निरोप द्यायला सगळी चाळ गेली. त्यानंतर काही दिवस कुणाच्या घरी चूल धड पेटली नाही, वर्गही बंद पडला. पुन्हा सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती ती मीराबाई. तिनं पाटी पुढं केली आणि म्हणाली, "बाई, अपूर्णांक. आज सोडायचं नाही."

सत्तावन्नच्या निवडणुकीत समितीची माणसं निवडून आली, तेव्हा चाळीत गुलालाचा चिखल झाला. ढोल वाजत होते, गडी नाचत होते, आणि मीराबाई भाकऱ्या थापता थापता मोठ्यानं पाढे म्हणत होती. "एकोणीस सक चौदोदरसे!" खालून कुणीतरी ओरडलं, "झालाच पाहिजे!" आणि सगळे खो खो हसले.

परीक्षा झाली. मग जूनच्या सुरुवातीला निकाल लागला. दादरच्या शाळेच्या फळ्याशी मीराबाई कोंडीरामाला घेऊन गेली. तो स्वतः फायनल पास होता, त्यामुळे हिशेबाच्या बाबतीत चाळीत त्याचा शब्द शेवटचा. तिचा नंबर सापडताच तिनं त्याचं मनगट असं आवळलं की तो कळवळला. चारही विषयांत पास! मराठी अठ्ठावन्न, गणित एकोणचाळीस, इतिहास-भूगोल सेहेचाळीस, आरोग्यशास्त्र अडतीस.

"भाऊजी, सरासरी काढा, सरासरी!"

कोंडीरामानं तिथंच भिंतीला टेकून बेरीज केली. "एकशे एक्क्याऐंशी. पेपर चार. चारानं भाग... सव्वापंचेचाळीस." त्याचा चेहरा पडला. "वहिनी, पन्नासला कमी पडलं."

परतताना मीराबाईची चाल पहिल्यांदाच सावकाश होती. घरी जाईबाईनं साखर हातावर ठेवली. तीही तिनं तशीच मुठीत धरून ठेवली. इस्पितळातले अर्ज त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत घेणार होते. आता जाऊन काय उपयोग?

आणि मग भात वेळताना ती एकाएकी थांबली. "भाऊजी, आरोग्याचा माझा सगळ्यांत चांगला पेपर. बाई म्हणाल्या होत्या, त्या पेपराला गुणच पन्नास. पन्नासापैकी अडतीस म्हणजे पुष्कळ. मग अडतीस हा आकडा मला खाली कसा ओढतोय? सगळ्यांत चांगला पेपरच मला बुडवतो, असं कसं?"

कोंडीराम जेवता जेवता उठून उभा राहिला. "अरे हां! पन्नासापैकी! म्हंजे शंभरात शहात्तर. थांबा थांबा." उष्ट्या हातानं तो हवेत आकडे मांडायला लागला. "अठ्ठावन्न, एकोणचाळीस, सेहेचाळीस नि शहात्तर. दोनशे एकोणीस. चारानं भाग, पावणेपंचावन्न! वहिनी, जिंकलात!"

सगळी पंगत ओरडली. पण मीराबाईच्या मनाचं समाधान होईना. घटकाभरापूर्वी पंचेचाळीस, आता पंचावन्न. इस्पितळात तोंडावर कुणी विचारलं तर कुठला आकडा सांगायचा, आणि का? तिनं पदर खोचला, बुधाजीला म्हणाली, "अहो, पंगत तुम्ही वाढा. मी बाईंकडे जाऊन येते," आणि जिन्यावरून घरंगळली.

परळ नाक्यावर बस मिळाली. गिरगावात उतरून ती वाडीत शिरली तेव्हा दुर्गाबाई गॅलरीत पापडाच्या लाट्या करत बसल्या होत्या. तिनं एका दमात दोन्ही हिशेब सांगितले. दुर्गाबाईंनी हात पुसले आणि जवळ बसवून घेतलं. "दोन्ही चुकले. पण कोंडीरामांना रागवू नका, अशी चूक शिकलेलेही करतात. आधी मला सांगा, तुमच्या पंगतीला चार गडी आहेत. तिघं दोन्ही वेळ जेवतात, चौथा एकाच वेळेला. तर दिवसाचे तांदूळ किती गड्यांचे काढता?"

"साडेतीन गड्यांचे," मीराबाई पटकन म्हणाली. "एकवेळवाला म्हणजे अर्धा गडी."

"मग तुमचे पेपर किती?"

मीराबाईनं बोटांवर मोजलं. तीन पेपर शंभराचे. आरोग्याचा पन्नासाचा. "साडेतीन!" ती इतक्या जोरानं म्हणाली की समोरच्या खोलीतलं माणूस बाहेर डोकावलं. "बाई, आरोग्य म्हणजे एकवेळवाला! भाऊजींनी पहिल्यांदा त्याला पुरा गडी धरला, म्हणून पंचेचाळीस आले. आणि दुसऱ्यांदा..." ती अडखळली.

"दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा त्याला दोन्ही वेळचं ताट वाढलं! अडतीसचे शहात्तर केले. तो जेवतो एकदाच, आणि आपण मोजतोय दोनदा!"

"बरोब्बर." दुर्गाबाईंचा चेहरा फुलला. "ज्या पेपराचं वजन जेवढं, तेवढंच सरासरीत त्याचं तोंड चाललं पाहिजे. आता भागाकारही नको. सगळे मिळून गुण किती?"

"साडेतीनशे."

"त्याचे निम्मे?"

अपूर्णांक पाहून धडकी भरणाऱ्या मीराबाईनं डोळे मिटले. "एकशे पंचाहत्तर."

"आणि तुम्हांला?"

"एकशे एक्क्याऐंशी." तिनं डोळे उघडले. "सहा जास्त! बाई, सहा जास्त!" तिनं दुर्गाबाईंना मिठी मारली. दुर्गाबाई म्हणाल्या, "शंभरात मांडलं तर पावणेबावन्नला किंचित कमी. आता बसू नका. पळा!"

ती पळाली. परत परळला यायला बस लवकर मिळेना, तेव्हा ती चर्नी रोडच्या दिशेनं निघाली, मग मागून बस येताना दिसली म्हणून उलटी फिरली आणि हात वर करून रस्त्यात उभी राहिली. कंडक्टर ओरडला. "घाई आहे हो मला, माझी सरासरी निघालीय!" असं ती म्हणाल्यावर सगळी बस वळून बघायला लागली.

इस्पितळाच्या कचेरीत कारकून खिडकी लावायच्या बेतात होता. तिनं अर्ज आत सरकवला. त्यानं गुण वाचले, कागदाच्या कोपऱ्यात बेरीज केली. मीराबाई गजांतून पेन्सिलीचं टोक बघत होती. बेरजेखाली त्यानं साडेतीनशे लिहिलं, भागलं, आणि एक्कावन्न पूर्णांक सात असा आकडा मांडून त्याखाली रेघ मारली.

"पन्नासच्या वर आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," मीराबाई म्हणाली, आणि आपल्याला ते खरोखर ठाऊक आहे या आनंदानं तिला तिथंच उडी मारावीशी वाटली.

मुलाखतीला पुढं तीच वयस्क सिस्टर बसली होती. तिनं मीराबाईला ओळखलं नाही. मीराबाईनंही आठवण करून दिली नाही. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मात्र एवढ्या उत्साहानं दिली की सिस्टरना दोनदा "हळू बोल" म्हणावं लागलं. आठवडाभरानं नाव लागलं.

शिक्षणाची वर्षं सोपी गेली नाहीत. वसतिगृहात राहावं लागायचं, रविवारी घरी यायचं. बुधाजीला पहिले महिने जड गेले. एकदा तो चिडून म्हणाला, "बायको हाय का पाव्हणी?" तिनं उलट उत्तर दिलं, दोघांत भांडण झालं, आणि पुढच्या रविवारी तोच फाटकाशी तिला न्यायला उभा होता. खानावळ जाईबाईनं चालवली. शेजारची लक्ष्मी मदतीला यायची, आणि गडी कुरकुर करत का होईना, आपापली ताटं विसळायला शिकले. कोंडीरामाचा पाय थोडा ओढतच राहिला, पण तो गिरणीत परत लागला. मीराबाई सुट्टीला आली की तो आधी पोटरी पुढं करायचा, "सिस्टर, जरा बघा हो," आणि ती धपाटा घालायची.

चाळीतल्या आणखी दोघीतिघींनी फायनलचा नाद घेतला. रविवारी दुपारी त्या मीराबाईला घेरून बसायच्या. तीही अर्धे पेपर, पुरे पेपर असं हातवारे करून सांगायची, आणि कुणाला समजलं की दुर्गाबाईंसारखीच "बरोब्बर!" म्हणायची.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, तेव्हा ती अँटॉप हिलकडच्या एका प्रसूतिगृहात कामाला होती. रस्त्यारस्त्यांवर तोरणं, दिवे, ढोलताशे. प्रसूतिगृहाच्या दारात एक तरुण गिरणी कामगार मिरवणुकीतनं तसाच धावत आला होता. डोक्यावर गुलाल. सकाळपासून आत बायको होती.

मीराबाई बाहेर आली. पांढरी साडी, कोपरापर्यंत ओले हात, घामानं डबडबलेला चेहरा.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "मायलेकी दोघी खुशाल आहेत. रडतोस काय बाबा, पेढे आण! आणि गुलाल झटकून ये, नाहीतर मी तुला आत सोडणार नाही."