हिर्डोशीच्या ओढ्यावरची इर्जिक

स्वारगेटहून भोरची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर नकाशांची गुंडाळी होती. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. इंजिनिअर होऊन मी ऑफिसात ड्रॉइंगच्या टेबलावर रेघा ओढत बसले होते. साइट द्या, साइट द्या, असा मी इतका धोशा लावला की शेवटी साहेबांनी हिर्डोशीजवळच्या ओढ्यावरचा छोटा पूल माझ्या पदरात टाकला. खांब झाले होते, वरचा स्लॅब राहिला होता. "पावसाआधी स्लॅब टाकून झाला तर पुढची कामं तुमची. नाहीतर टेबल आहेच," ते म्हणाले. त्या टेबलाचा मला मनापासून वीट आला होता.

भोरला गाडी बदलायची. हिर्डोशीची गाडी कधी, असं विचारल्यावर स्टँडवरचा चहावाला म्हणाला, "आली की येती." बऱ्याच वेळाने ती आली. उन्हाने करपलेले डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत गेले आणि ओढ्याच्या अलीकडेच कंडक्टरने घंटी मारली. जुनी वाट पुलाच्या कामासाठी खणलेली होती.

"उतरा बाई. फुडं गाडी जात न्हाई."

"मला पुलावर जायचंय."

"पूल झाला की न्हेतो की पुलावरनं!"

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण आतून चिडले होते.

साइटवर स्लॅबला खालून आधार देणारं फळ्यांचं सेंटरिंग उभं, सळया बांधलेल्या, खोपीत सिमेंट. माणूस मात्र एकटा मुकादम. "समदी मजुरं मार्गासनीला, आपल्या गावी गेली, बाईसाहेब. धूळवाफेची पेरणी उरकली की येतील." पावसाआधी कोरड्या मातीत भाताचं बी टाकायची ती पेरणी. तोवर ओढा वाहू लागणार आणि सेंटरिंग घेऊन जाणार. शिवाय स्लॅब एकदा सुरू केला की संपेपर्यंत थांबता येत नाही. मध्ये थांबलं तर तिथला सांधा कच्चा राहतो.

हताश होऊन मी गावाकडे चालू लागले. वाटेत एका वावरात सगळं गाव दिसलं. बैलजोड्या, बाया, म्हातारे, आणि काम एकाच घराचं. ही इर्जिक. सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं आणि त्याने जेवू घालायचं. मी बांधावरच थांबले. मला माझा स्लॅब दिसायला लागला होता.

तिथले वडीलधारे तात्या. त्यांना म्हटलं, "मला पुलासाठी इर्जिक घालायचीय."

"सरकारी कामाची इर्जिक? कुठं असती व्हय!"

"पावसाळ्यात ओढा चढला की अडकून कोण पडतं?"

"आमीच की."

"मग काम कुणाचं?"

तात्या मिशीत हसले. "बरं. पर नेम हाय. ज्याचं काम, त्यानं सोता दारोदार जाऊन बोलवायचं. अन् उद्या आमची इर्जिक निघाली की तुमी यायचं."

मी घरोघर गेले, कडेच्या बौद्धवस्तीतही गेले. खडी कुठे, पाणी कुठून, माल कोण कालवणार, रिकामी घमेली कुठल्या बाजूने परतणार, सगळं आखलं, पिठलं-भाकरीचा शिधाही भरला. भरल्या घमेल्याची वाट रिकाम्याने अडवायची नाही, हा माझा कायदा. ठरल्या दिवशी सकाळी घमेल्यांची रांग अशी चालली की मुकादम तंबाखू मळायला विसरला.

पण एक गोष्ट माझ्या आखणीत नव्हती. दुपारी पिठल्याचा वास सुटला आणि घमेली खाली ठेवून सगळे पंगतीला निघाले. स्लॅब अर्धा!

"निम्मे जेवा, निम्मे काम करा," मी ओरडले.

"इर्जिकीत पंगत एकच बसती, बाईसाहेब," तात्या शांतपणे म्हणाले. "एकानं जेवायचं अन् दुसऱ्यानं राबायचं, असलं न्हाई चालत."

मग पदर खोचून मी घमेलं उचललं. "एकच बसेल. स्लॅब झाल्यावर, सगळ्यांची, मलाही धरून!"

कुणी हललं नाही. तेवढ्यात तात्यांच्या कारभारणीने, काशीबाईंनी, पिठल्यावर झाकण टाकलं. "भाकरी काय पळून जाती का? चला की गं!"

रांग पुन्हा लागली. उन्हं कलली तेव्हा स्लॅब संपला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात सगळं गाव, सगळ्या वस्त्या आणि मी, एका पंगतीला बसलो. नाचणीची भाकरी, गार पिठलं, खर्डा. तसं जेवण मी आजतागायत जेवले नाही.

भातलावणीला तात्यांचं बोलावणं आलं. रजा टाकून मी निघाले. तोच कंडक्टर. गाडी पुलावर चढली तशी म्हणाला, "न्हेतो म्हटलं हुतं न्हवं?" खाली ओढा दुथडी वाहत होता. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावली, माझी ओळ वाकडी गेली म्हणून बायांनी टर उडवली, आणि एकाच पंगतीत जेवले.

परतीच्या गाडीत काशीबाई शेजारी होत्या, लेकीकडे भोरला निघालेल्या. पुलावर गाडी आली तेव्हा पुढच्या सीटवरच्या परगावच्या बाईने विचारलं, "नवा दिसतोय. कुणी बांधला?"

ऑफिसात माझ्या टेबलावर आता नव्या पुलाचे नकाशे येऊन पडले होते. मी सावरून बसले, उत्तर जिभेवर होतं. पण काशीबाई आधी बोलल्या.

"आमी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या चिखलाने माखलेल्या हातावर हात ठेवला. "ह्या अन् आमी."

पुढे मी मोठमोठी कामं केली, पाट्यांवर नावंही लागली. छाती फुगली ती मात्र त्या गाडीत.