सव्वा तासावरचं मस्कत

दादाला मस्कतला फिटरची नोकरी लागली आणि आमच्या मुलुंडच्या घरात डोक्याची मंडई झाली ती त्याच्या तिकिटामुळे. मुंबईहून विमान सकाळी दहाला सुटणार, तिथे सव्वाअकराला पोचणार. म्हणजे सव्वा तास! आम्हाला गोराईला जायला याहून जास्त वेळ लागायचा. आई म्हणाली, इतकं जवळ आहे तर दोन वर्षांनी कशाला, दर रविवारी जेवायला येऊ दे.

मी कॉलेजात, त्यामुळे घरातलं सगळं शहाणपण माझ्याकडे. सांगितलं, तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं, म्हणून खरे पावणेतीन तास लागतात. बाबांना पटेना. मागे आहे तर वजा कर, मिळवतेस कशाला? मी वजा करून पाहिलं, तर दादा सुटायच्या आधीच पोचला. मग माझीच वाट लागली.

हे गणित सुटणं गरजेचं होतं, कारण माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत मागे घरात केर काढायचा नाही, हा आईचा नियम. दादा निघाला तेव्हा खोलीभर सुतळीचे तुकडे पडले होते, त्याच्या खोक्याला बांधून उरलेले. सव्वाअकरा वाजले तसे बाबा म्हणाले, पोचला. मी म्हटलं, अजून हवेत आहे. आई म्हणाली, तुमचं दोघांचं एक होऊ दे, मग बघते. पाऊण वाजला तरी केरसुणी कोपऱ्यातच.

संध्याकाळी खालच्या काकूंकडे दादाचा फोन आला. बाबा धावत खाली गेले. पोचला, खोली मिळाली, जेवलासुद्धा. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. पण आई म्हणाली, तिन्हीसांजेला कोण केर काढतं? सकाळी म्हणाली, कंबर धरलीय. तिसऱ्या दिवशी सुतळी पायात यायला लागली आणि माझं डोकं फिरलं. फोन आला, सगळं कळलं, आता आणखी कुठे पोचायचा राहिलाय हा? मी तणतणत केरसुणी उचलली.

आईने माझा हात धरला.

"राहू दे गं. केर काढला की तो गेला."

   मी केरसुणी परत कोपऱ्यात ठेवली, चहा टाकला, आणि आम्ही दोघी त्या सुतळीतच बसून प्यायलो.

कप खाली ठेवत आईने विचारलं, "आत्ता तिथे किती वाजले असतील?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मिळवायचं की वजा करायचं, काही केल्या आठवेना.