व्हेरी गुड ॲव्हरेज

माझी पिकअप अठरा वर्षांची आहे, डिझेलवर चालते आणि ॲव्हरेज उत्तम देते. हेच मी बर्मिंगहॅममध्ये इंग्रजीतून सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "माय ट्रक गिव्ह्ज व्हेरी गुड ॲव्हरेज." ते म्हणाले, "नेव्हर माइंड, लव्ह. कामाला येते ना, झालं तर." इथे ॲव्हरेज म्हणजे बेताचं, यथातथा. आपल्याकडे ॲव्हरेज म्हणजे टाकलेल्या इंधनात गाडी किती पळते ते, आणि ते चांगलं असलं की माणूस चारचौघांत मान वर करून बोलतो. मुलगी इथलीच, घरात हाच शब्द ऐकत वाढली. प्रायमरीत असताना आमच्या तेव्हाच्या व्हॅनबद्दल तिने निबंधात लिहिलं होतं, 'माझ्या आईला अभिमान वाटतो कारण आमची व्हॅन व्हेरी ॲव्हरेज आहे.' बाईंनी शेजारी हसरा चेहरा काढून दिला होता.

मी लोकांच्या बागा राखते. हेज कापणं, लॉन, मोडक्या कुंपणाच्या जागी नवीन पॅनल बसवणं. बावीस वर्षं हेच करतेय, आणि त्यातली अकरा वर्षं या पिकअपबरोबर. गाडी कशी चालवायची हे मात्र मी इथे शिकले नाही. माझे वडील लाल बसचे ड्रायव्हर होते. त्यांच्या डेपोत एक फळा होता, आणि कुठल्या ड्रायव्हरने दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर काढले ते त्यावर खडूने लिहायचे. वडिलांचं नाव वर्षानुवर्षं पहिल्या तिनात असायचं. सणासुदीला नवे कपडे घालून आई आम्हाला तो फळा बघायला न्यायची. वडिलांनी मला शिकवलं ते एवढंच, "ॲक्सिलरेटरखाली अंडं आहे समज. आणि आकडा कधी फुगवू नकोस. फळा खोटं बोलला तर त्याला चूल दाखवावी."

गेल्या वर्षी मुलीला केंब्रिजहून बर्मिंगहॅमला नोकरी मिळाली आणि ती आमच्याकडे परत राहायला यायची ठरली. येण्याआधीच तिने माझ्या गाडीचा निकाल लावला. फोनवर म्हणाली, "आई, ती डिझेल पिते. सिटी सेंटरमध्ये नेलीस तर रोज पोल्युशनचा चार्ज बसतो. मी तुला इलेक्ट्रिक व्हॅन लीजवर घेऊन देते." मी म्हटलं, माझी सगळी गिऱ्हाइकं सेंटरच्या बाहेर आहेत, आणि गाडी पीत नाही, गॅलनला अडतीस मैल देते. ती हसली. म्हणाली, "इंटरनेटवर ह्या मॉडेलचे सगळे ओनर अठ्ठावीस-तीस म्हणतात. तूच कशी अडतीस? आई, तू ना, एग्झॅजरेट करते." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाकी काहीही म्हण, पण आकडा फुगवते असं मला म्हणायचं नाही.

नवरा मधे पडला नाही. "तुमचं तुम्ही बघा," म्हणून चहा घेऊन बाहेर गेला. मग आम्हीच ठरवलं. मुलीने शुक्रवारी ट्रेनने बर्मिंगहॅमला यायचं, शनिवारी दोघींनी पिकअप घेऊन केंब्रिजला जायचं, तिचं सामान भरून त्याच दिवशी परत. पस्तीसच्या वर निघालं तर गाडी राहील. खाली निघालं तर रविवारी सकाळी तिने ठरवलेला माणूस येऊन गाडी घेऊन जाईल. मी हो म्हटलं खरं. व्हॅन चांगलीच असेल हो. पण या गाडीचा क्लच कुठे धरतो, थंडीत ती किती वेळ कुरकुरते, हे माझ्या अंगात मुरलंय. ती गेली असती तर माझा हातच गेला असता, आणि वर खोटारडी ठरले असते ते वेगळंच.

शनिवारी सकाळी टायर गार असतानाच मी त्यांतली हवा बघितली. शिडीचा रॅक उतरवला, कारण तो वारा अडवतो. घराजवळच्या पंपावर चार नंबरला उभं राहून टाकी भरली. नोझल टक् करून थांबलं की डिझेलचा फेस बसू द्यायचा, पुन्हा टक् होईपर्यंत भरायचं आणि बास. मुलगी फोनवर मैल मोजायचं ॲप लावून बसली. माझ्या गाडीच्या काट्यावर तिचा विश्वास नव्हता. मी म्हटलं लाव बाई, हातच्या काकणाला आरसा कशाला.

एम सिक्स मोटरवेवर मी पंचावन्न मैलांच्या वर गेले नाही. "आई, लॉरीसुद्धा आपल्याला ओव्हरटेक करतोय," मुलगी म्हणाली.

"करतेय," मी म्हटलं. "लॉरी ती. आणि करू दे. तिला घाई आहे, मला नाही."

लांबवर राउंडअबाउट दिसला की मी पाय काढून घ्यायचे, गाडी आपली आपण हळू व्हायची, ब्रेकला हात जोडायचे. सुरुवातीला मुलगी उसासे टाकत होती. पुढे ए फोर्टीन रस्त्यावर तिला झोप लागली.

केंब्रिजला तिसऱ्या मजल्यावरून आम्ही पलंग, डेस्क, पुस्तकांचे बारा खोके आणि एक अवजड खुर्ची उतरवली. मी ताडपत्री इतकी घट्ट बांधली की टिचकी मारली तर वाजावी. एवढ्या ओझ्याने ॲव्हरेज पडणार हे मला कळत होतं, आणि हे मोजायला नको असं म्हणायला जीभ वळवळत होती. पण बोलले नाही. रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज कोणीही काढेल.

संध्याकाळी सहाला त्याच पंपावर, त्याच चार नंबरला, त्याच तऱ्हेने टाकी भरली. पंचवीस पॉइंट चार लिटर. मुलीचं ॲप म्हणालं दोनशे सहा मैल. तिने फोनवर हिशेब करणाऱ्या एका वेबसाइटवर आकडे घातले. मग फार हळू आवाजात म्हणाली, "थर्टी पॉइंट सेव्हन. सॉरी, आई."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती चिडवेल म्हणून मी तयार होते, पण ती चिडवत नव्हती, माझी समजूत काढत होती, आणि तेच मला सोसेना. "सामान खूप होता, आई. तीस इज स्टिल गुड." मी पैसे द्यायला आत गेले. रांगेत उभी राहून विचार केला, अकरा वर्षं मी जगाला अडतीस सांगत फिरले, वडिलांनी तोंड बघितलं नसतं माझं.

काउंटरवर पावती हातात आली आणि सवयीने मी तिच्या पाठीवर वडिलांच्या पद्धतीने हिशेब मांडला. मैल-गॅलन माझ्या तोंडात आहेत, डोक्यात अजून किलोमीटर आणि लिटरच आहेत. दोनशे सहा मैल म्हणजे तीनशे तीस किलोमीटर. भागिले पंचवीस पॉइंट चार. उत्तर आलं तेरा, जेमतेम सूतभर कमी. आणि माझ्या भाषेत पस्तीस म्हणजे बारा पॉइंट चार, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. तीस पॉइंट सात म्हणजे तर अकराच्याही खाली. तेरा कुठे, अकरा कुठे.

मी बाहेर येऊन खिडकीवर टकटक केली. "तू गॅलन कुणाचा घेतलास?"

"कुणाचा म्हणजे? गॅलन इज अ गॅलन."

"नाही गं बाई. अमेरिकेचा गॅलन लहान असतो. आपला साडेचार लिटरचा, त्यांचा पावणेचारचा."

तिने फोन उघडून बघितलं आणि कानापर्यंत लाल झाली. ती वेबसाइट अमेरिकन होती. जन्म बर्मिंगहॅमचा, शिक्षण केंब्रिजचं, आणि गॅलन अमेरिकेचा. मला हसू फुटलं ते आवरेना. तिने पुन्हा हिशेब केला, मग खात्री करायला आणखी एकदा केला. छत्तीस पॉइंट नऊ. पलंग, डेस्क, बारा खोके आणि त्या खुर्चीसकट.

"सदतीस धरूया," ती म्हणाली.

"धरायचं नाही. छत्तीस पॉइंट नऊ. आणि मी अडतीस म्हणत होते ते रिकाम्या गाडीचं, उन्हाळ्यातलं. ते मी आधी सांगायला हवं होतं." हे बोलताना मला जरा जड गेलं, पण बोलले.

मुलगी थोडा वेळ ती पावती उलटीसुलटी करून बघत बसली. पाठीवरच्या माझ्या मराठी आकड्यांवरून तिने बोट फिरवलं. तिच्या आजोबांना तिने फक्त फोटोत पाहिलंय. "हे आजोबांची मेथड आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, आणि तिचं व्याकरण मी त्या दिवसापुरतं सुधारलं नाही.

मग तिने रविवारच्या त्या माणसाला तिथूनच फोन लावला. गाडी आता विकायची नाही, सॉरी, म्हणाली. पलीकडून त्याने विचारलं असणार की का, काय झालं. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि अगदी माझ्या तोऱ्यात म्हणाली, "बिकॉज इट गिव्ह्ज व्हेरी गुड ॲव्हरेज."

तिने त्याला अर्थ सांगितला नाही.