काकूंच्या बागेतला पारा

गवतवाल्या काकूंच्या संत्र्याच्या बागेत कोणी विळा घेऊन शिरलं, की त्या चोर पकडायला निघाल्यासारख्या धावायच्या. "कोन हाय रे? आधी तो विळा खाली ठेव!" रामाकोना गावातले बाकीचे शेतकरी बागेत गवताची काडी उगवू देत नसत, यांच्या झाडांखाली मात्र घोटाभर गवत आणि त्याखाली वर्षानुवर्षांचा पालापाचोळा. गाव त्याला 'काकूचं जंगल' म्हणे. काकूंचं उत्तर ठरलेलं असे, "जमीन उघडी ठेवाची नसते, बाप्पा. आपन उघडे हिंडतो का?"

मी सौंसरच्या मास्तरांची मुलगी, संशोधनासाठी माती गोळा करत हिंडत होते. कोळशाच्या धुरातून हवेत गेलेला पारा पानांवर बसतो, पानांबरोबर मातीत उतरतो. पुढे तो कुठे जातो, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी एकाच उतारावरच्या दोन बागा निवडल्या. एक काकूंची, दुसरी बांधापलीकडच्या वामनरावांची, तणनाशक मारून अंगणासारखी लख्ख ठेवलेली.

पहिल्याच दिवशी काकूंनी हटकलं, "माती कायले चोरून नेऊन राहिली वं?"

"चोरत नाही, काकू. हिच्यात पारा किती आहे ते तपासायचंय."

"तापाच्या नळीतला पारा? माह्या बागेत?" त्या पोट धरून हसल्या आणि मला चहाला घेऊन गेल्या.

त्यानंतर काम जणू त्यांचंच झालं. पावसाच्या पाण्याबरोबर दोन्ही बागांतून वाहून येणारा गाळ धरायला माझ्याकडे भांडी कमी पडली, तर त्यांनी घरातल्या दोन्ही पराती दिल्या. पावसाळाभर त्या घरात कणीक पातेल्यात मळली गेली. वामनरावांच्या बागेखालच्या परातीवरही त्यांचीच नजर असे. कोंबडी फिरकली तरी खडा बसायचा.

मग तपासणीचे कागद आले. काकूंच्या मातीत वामनरावांच्या मातीपेक्षा जास्त पारा निघाला होता. धोक्याइतका नव्हता, पण जास्त होता. वामनराव काकूंच्या ओसरीवर बसले होते, त्यांच्यादेखतच मला सांगावं लागलं. ते मोठ्यानं हसले, "पाहा काकू! जंगलात विष निंगालं! आता तुमची संत्री कोन खाते?"

काकू उठून बांधापर्यंत गेल्या, दोन्हीकडे बराच वेळ बघत राहिल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "अवं, हवेतला पारा त दोघायच्या झाडावर सारखाच पडला असन ना? मंग याचा गेला कुठी?"

गाळाचे कागद मी अजून नीट पाहिलेच नव्हते. तिथंच मांडून बसले. काकूंच्या बागेतून पावसाळाभरात जेमतेम ओंजळभर गाळ आला होता. वामनरावांची परात दर पावसाला काठोकाठ भरली होती, आणि पारा त्या गाळात होता. तो उताराखालच्या तळ्यात जात होता. तळाच्या चिखलात तो असं रूप घेतो, की माशांच्या अंगात भिनतो. त्या तळ्यातले मासे वामनराव दर रविवारी चवीनं खात.

"म्हंजे माही मातीच गेली?" वामनरावांनी विचारलं.

"हाव. मातीबी गेली, पाराबी गेला," काकू म्हणाल्या. "माह्या पाचोळ्यानं दोनी धरून ठेवले." मग आवाज उतरवून त्यांना म्हणाल्या, "चहा घे. थंडा होऊन राहिला."

पुढच्या हंगामात वामनरावांनी तणनाशकाची फवारणी बंद केली. काकू बांधावरून सूचना करत, "गवत अजून ठेंगनं हाय रे, वाढू दे जरा!"

प्रबंध पूर्ण झाल्यावर मी त्यांना आभाराचं पान वाचून दाखवलं. स्वतःचं नाव ऐकून त्या लाजल्या, मग रागावल्या. "वामनचं नाव कुठी हाय? त्याचं बोडकं वावर नसतं, त तुले फरक कसा समजला असता?" मी तिथंच पेनानं नाव लिहिलं.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. फोन वामनरावांचाच आला. "पोरी, तुही काकू गेली," ते म्हणाले. मी काही विचारणार, तेवढ्यात पुढे बोलले, "तेरवीच्या आधी घरच्यायनं बाग साफ कराले मजूर बलावले होते. म्या परत धाडले."