धुराविरुद्ध मोर्चा

माझा मोठा भाऊ तळोज्याला राहतो. तिथल्या कारखान्यांच्या धुरावर त्याचा भारी राग. संध्याकाळी गॅलरीत उभा राहून हवा हुंगायचा, "विष सोडतात मेले," म्हणायचा आणि शांतपणे सिगारेट पेटवायचा. तक्रारअर्ज लिहितानाही ओठांत सिगारेट. वहिनी एकदा म्हणाली, "अर्जावर राख पडलीय, ती पुरावा म्हणून जोडा."

खोकला वाढला तेव्हा तो पनवेलला छातीच्या डॉक्टरांकडे गेला, तोही बरं व्हायला नव्हे. कारखान्यांनी फुफ्फुसं खाल्ली, असा दाखला हवा होता. मी सोबत होते. डॉक्टरांनी त्याला यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं.

"सिगारेट किती?"

"हलक्या ओढतो."

"हलक्या काही नसतात. श्वासनळ्या आकसल्यात तुमच्या. कारखान्यांचा धूर वाईटच, पण तो निदान तुम्ही विकत आणत नाही."

त्यांनी निकोटिनचं च्युइंगगम दिलं. हळू चावायचं, मग गालात धरून ठेवायचं. यानं ते कचाकचा चावलं. उचक्या लागल्या, मळमळलं. मग "मला नाही सोसत हे" म्हणत उतारा म्हणून एक सिगारेट ओढली.

पुढे सोसायटीचा मोर्चा निघाला. भाऊ अर्थातच सगळ्यांपुढे. एका कारखान्याच्या फाटकाशी मूठ उगारून त्यानं आरोळी ठोकली, "बंद करा, बंद करा!" काय बंद करायचं ते सांगायच्या आतच दम संपला. चेहरा राखेसारखा झाला. मी गर्दीतून पुढे घुसले. तेवढ्यात कंपनीचा रखवालदारच खुर्ची घेऊन धावला.

"काका, बसा आदी. घोषणा कुटं जात नाय."

शत्रूच्या खुर्चीत, शत्रूचं पाणी पीत भाऊ बराच वेळ धापा टाकत होता. मागची मंडळी "बंद करा!" ओरडत होती. ते कारखान्याला उद्देशून की त्याला, कळेना.

भीतीनं झालं नाही ते या अपमानानं केलं. त्यानं दिवस ठरवून सिगारेट सोडली, च्युइंगगम सांगितल्यासारखं चघळलं, चहानंतर तलफ आली की वहिनीबरोबर चालायला जाऊ लागला. सुरुवातीला घरात सगळ्यांवर खेकसायचा. विचुंबे गावातल्या एका लग्नात घसरलाही. डॉक्टर म्हणाले, "एक ओढली म्हणून सगळं संपलं नाही. उद्यापासून पुन्हा बंद." ते मात्र टिकलं.

आता खोकला कमी आहे, जिना चढताना थांबावं लागतंच. "गेलेलं परत येणार नाही," डॉक्टरांनी सांगितलं, "पुढची घसरण मंदावेल." यावर दोष कुणाला द्यावा, हे भावाला सुचलं नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं.