मुंग्या थांबल्या तेव्हा

बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मी बंद केल्या. वर त्यांना सांगितलं की डॉक्टरांनीच नको म्हटलंय. ते खोटं होतं.

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने तपासायचो. निवृत्तीनंतर बाबा माझ्याकडेच, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांच्या तळपायांना मुंग्या यायच्या, आग व्हायची; चादर लागली तरी कळवळायचे. दुर्गच्या बाजारातला जडीबुटीवाला म्हणाला, गुडमारची पानं, मेथी आणि हळद यांनी नसा वाचतात, फक्त सोबत अंग्रेजी गोळी नको. मी रोज सकाळी पानं तोलून काढा उकळू लागलो.

काही महिन्यांनी मुंग्या थांबल्या.

"तुहा काढा गिळताना जीव जाते गा," बाबा म्हणाले, "पण पाय शांत हायेत."

एका नमुन्यावर आम्ही कधी पोलाद पास केलं नाही. घरी मात्र मला ते एक वाक्य पुरलं.

एका संध्याकाळी बाबा शेजारच्या रुआबांधा वस्तीतून पायी आले. बूट काढला तर मोजा रक्तानं चिकटलेला. बुटाच्या तळाचा खिळा वर आला होता आणि ते त्यावर चालत आले होते. मी सुई आणली, तळपायाला लावली.

"बाबा, टोचते का?"

"कावून? तू टोचून राहिला का?" ते हसले.

सुईच्या टोकाला रक्त होतं. पाय बरा झाला नव्हता, नसा मेल्या होत्या.

तेव्हाच इस्पितळ गाठायला हवं होतं. पण तिथं गोळ्यांचं विचारतील, या भीतीनं मी आठ दिवस जखमेत हळद भरली, काढा दुप्पट केला. बोटं काळी पडली, तेव्हा नेलं. पाय घोट्याच्या वरून कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

"बाबा विसरायचे," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "हो साहेब. विसरतो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांना ऑपरेशनला न्यायच्या आधी मी त्यांचा तो पाय धरून बसलो. माझा हात त्यांना कळतच नव्हता. मी तो वर सरकवून गुडघ्यावर ठेवला, तेव्हा त्यांनी मान वळवली.

"बाबा, डॉक्टर गोळ्या नको असं बोललेच नव्हते. त्या मी बंद केल्या. जखम मीच लपवली, अन् काल नाव तुमचं घेतलं. मले माफ करा."